गेल्या वर्षीचा पहिला नंबर

१

भाईंदरच्या जेसल पार्कच्या खाडीकाठी सकाळी फिरायला येणाऱ्यांचे बोलणे पूर्वी गुडघे, पाणीकपात आणि मुलांच्या नोकऱ्या यांवर चाले. आता त्यात फंडांची नावे आली आहेत. कट्ट्यावर ऐकलेले:

"व्हॅल्यूवाला काढला. तीन वर्षं नुसता बसून होता. सगळे क्वालिटीला टाकले."

"कधी काढलात, काका?"

"कोविडच्या दिवाळीत."

२

कोविडची दिवाळी म्हणजे नोव्हेंबर २०२०. त्या वर्षीच्या दोन शेअरांची नोंद, एक क्वालिटीवाल्यांचा, एक व्हॅल्यूवाल्यांचा.

हिंदुस्थान युनिलिव्हर एप्रिल २०२० मध्ये अडीच हजारांच्या वर गेला होता. साबण, चहा, शाम्पू. टाळेबंदीतही खपणारा माल. पाच वर्षांनी, २०२५ च्या वसंतात, भाव त्याहून खालीच होता. मधल्या काळात कंपनीची विक्री वाढली, नफा वाढला. पण २०२० च्या भावात तो सगळा आधीच मोजून घेतलेला होता.

कोल इंडिया २०१० मध्ये २४५ रुपयांना बाजारात आली. ऑक्टोबर २०२० मध्ये ती ११५ च्या आसपास लोळत होती. कोळसा, सरकारी मालकी, कुणी विचारत नव्हते. ऑगस्ट २०२४ मध्ये ती पाचशेच्या पुढे गेली. दरम्यान दर वर्षी लाभांश दिला, तो वेगळा.

पहिली कंपनी वाईट नव्हती. दुसरी एकाएकी थोर झाली नाही.

३

गुंतवणुकीच्या चार शैली, ज्यांना ठाऊक नसतील त्यांच्यासाठी. व्हॅल्यू: मिळकतीच्या मानाने स्वस्त मिळणारे घ्या. ग्रोथ: वेगाने वाढणारे घ्या, भाव चढा असला तरी. क्वालिटी: कर्ज कमी, नफा स्थिर, असे घ्या. मोमेंटम: जे चढते आहे ते घ्या. यांच्या जोडीला आकाराचा भेद: लार्ज, मिड, स्मॉल. सेबीने ६ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकाने ही सीमा आखून दिली. बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्या लार्ज, १०१ ते २५० मिड, २५१ पासून पुढे स्मॉल.

प्रत्येक शैलीला चांगली वर्षे येतात आणि प्रत्येकीला वाईट वर्षे येतात. याबद्दल अभ्यासकांत वाद नाही. वाद आहे तो ती वर्षे आधी ओळखता येतात का, यावर.

४

एक हिशेब. कागद-पेन्सिलीने कुणालाही करता येईल.

निफ्टी ५० आणि निफ्टी स्मॉलकॅप १००, दोनच निर्देशांक. लाभांश सोडून कॅलेंडर वर्षाचे परतावे, टक्क्यांत. निफ्टी आधी, स्मॉलकॅप नंतर:

२०१७: २८.७ आणि ५७.३
२०१८: ३.२ आणि उणे २९.१
२०१९: १२.० आणि उणे ९.५
२०२०: १४.९ आणि २१.५
२०२१: २४.१ आणि ५९.३
२०२२: ४.३ आणि उणे १३.८
२०२३: २०.० आणि ५५.६
२०२४: ८.८ आणि २३.९

तीन माणसे घ्या. तिघांनी १ जानेवारी २०१८ ला एकेक लाख घातले. पहिला निफ्टीत बसून राहिला. दुसरा स्मॉलकॅपमध्ये बसून राहिला. तिसरा दर जानेवारीला गेल्या वर्षी जो पुढे होता त्यात गेला. म्हणजे २०१८ ला स्मॉलकॅप, २०१९ आणि २०२० ला निफ्टी, २०२१ आणि २०२२ ला स्मॉलकॅप, २०२३ ला निफ्टी, २०२४ ला पुन्हा स्मॉलकॅप.

२०२४ अखेर पहिल्याचे २ लाख २४ हजार झाले. दुसऱ्याचे २ लाख ६ हजार. तिसऱ्याचे १ लाख ८६ हजार.

तिसरा दर वर्षी विजेत्याकडे गेला आणि दोघांच्याही मागे राहिला. कर आणि एक्झिट लोड (फंड लवकर सोडल्यास कापली जाणारी रक्कम) यात धरलेले नाहीत.

५

वरच्या हिशेबाला जोडून प्रामाणिकपणे लिहायलाच हवे. सुरुवात २०१८ ऐवजी २०१९ पासून धरली, तर तिसरा माणूस निफ्टीवाल्याच्या पुढे जातो आणि स्मॉलकॅपवाल्याच्या मागे राहतो. एका वर्षाने निकाल बदलतो.

पण ५७ टक्के दिसल्यावर लोक आले ते २०१८ लाच.

६

शैलींसारखाच मिठालाही हंगाम असतो. भाईंदरच्या मिठागरांत मीठ पिकते ते साधारण जानेवारीपासून मेअखेरपर्यंत. पहिला मोठा पाऊस आला की काम थांबते. पावसाळा सरला की बांध पुन्हा नीट करतात.

७

२० जानेवारी २०२१. निफ्टी १४,६४४. मागच्या एक वर्षाचा परतावा सुमारे २० टक्के.

२३ मार्च २०२१. निफ्टी १४,८१४. मागच्या एक वर्षाचा परतावा सुमारे ९५ टक्के.

दोन महिन्यांनी बाजार जवळजवळ तिथेच होता. तक्त्यातून जानेवारी २०२० चा आकडा गेला आणि २३ मार्च २०२० चा ७,६१० हा आकडा आला, इतकेच. त्या दिवशी बहुतेक इक्विटी फंडांत पैसे जवळजवळ दुप्पट झाल्यासारखे दिसत होते. "एक वर्ष" या रकान्याला दोन टोके असतात. वाचणारा एकच बघतो.

८

दोन शोधनिबंध शेजारी शेजारी ठेवण्यासारखे आहेत.

१९८५, द बाँट आणि थेलर: अमेरिकी बाजारात आधीची तीन वर्षे सर्वांत मागे पडलेल्या शेअरांनी पुढच्या तीन वर्षांत सर्वांत पुढे असलेल्यांना मागे टाकले.

१९९३, जगदीश आणि टिटमन: मागच्या तीन ते बारा महिन्यांत चढलेले शेअर पुढच्या तीन ते बारा महिन्यांत आणखी चढतात.

दोन्ही खरे आहेत. मुदत वेगळी आहे. थोड्या महिन्यांची गती टिकते, काही वर्षांची गती उलटते. आपल्याकडे सल्ला देताना दाखवतात तो तक्ता बहुधा तीन आणि पाच वर्षांचा असतो.

यातला नरसिंहन जगदीश हा आपल्याच देशातून गेलेला अभ्यासक. मोमेंटम ही शैली जगभर ज्या निबंधावर उभी राहिली, त्यावरचे पहिले नाव त्याचे आहे.

९

मग मोमेंटम फंड वेगळे काय करतो? तोही मागची कामगिरी बघूनच बदलतो.

निफ्टी २०० मोमेंटम ३० हा निर्देशांक एनएसईने ऑगस्ट २०२० मध्ये आणला. तो सहा आणि बारा महिन्यांची भाववाढ बघतो, तिला त्या शेअरच्या चढउताराने भागतो, वरचे तीस निवडतो. जून आणि डिसेंबरमध्ये यादी बदलते. नियम छापलेला आहे. कुणाचा मेहुणा काय म्हणाला याला त्यात जागा नाही. शिवाय फंडाच्या आत शेअर बदलले तर गुंतवणूकदाराला त्या वेळी कर लागत नाही. आपण फंड बदलला तर लागतो.

तरीही ही शैली सुखाची नाही. २७ सप्टेंबर २०२४ ला निफ्टीने २६,२७७ चा उच्चांक केला आणि मार्च २०२५ च्या सुरुवातीला तो २२ हजारांच्या खाली उतरला. सोळा टक्क्यांची घसरण. मोमेंटम ३० त्या काळात याहून बराच जास्त पडला. ज्यांनी २०२३ आणि २०२४ चे आकडे पाहून त्यात पैसे घातले होते, त्यांनी ही शैली पहिल्यांदा अनुभवली ती पडताना.

१०

बदलाची किंमत. मागे धरलेला नाही तो कर इथे धरतो.

दहा लाख घातले, वर्षाच्या आत चौदा लाख झाले. "दुसरा फंड याच्यापेक्षा पळतोय" म्हणून स्विच. एक टक्का एक्झिट लोड: १४,०००. उरलेल्या ३ लाख ८६ हजारांच्या नफ्यावर अल्पकालीन कर २० टक्के, वर उपकर: ८०,२८८. एकूण ९४,२८८ रुपये गेले.

नव्या फंडात पोचले १३ लाख ५ हजार. पुन्हा चौदा लाखांवर यायलाच सात टक्क्यांहून अधिक वाढ हवी.

अल्पकालीन कराचा दर १५ वरून २० टक्के झाला तो २३ जुलै २०२४ पासून. दीर्घकालीन १० वरून १२.५ टक्के, त्यात वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा माफ. अ‍ॅपवर "स्विच" हे बटण "विका" या बटणापेक्षा सौम्य वाटते. आयकर खात्याच्या लेखी स्विच म्हणजे विक्रीच.

११

विरार फास्टमध्ये भाईंदरला शिरता येत नाही, म्हणून कित्येक जण सकाळी आधी उलटे विरारला जातात आणि तिथून बसून येतात. वेळ जास्त लागतो. चर्चगेटपर्यंत जागा पक्की. फंडात बसून राहणेही तसेच.

१२

२७ डिसेंबर १९९९ च्या 'बॅरन्स' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर वॉरन बफे होता आणि प्रश्न होता की याचे काय बिघडले. बफेने इंटरनेट कंपन्या घेतल्या नव्हत्या.

१० मार्च २००० ला नॅसडॅकने ५,०४८ चा उच्चांक केला. बफेच्या बर्कशायर कंपनीचा शेअर त्याच दिवशी त्या काळातल्या नीचांकावर होता.

३० मार्च २००० ला ज्युलियन रॉबर्टसनने आपला टायगर फंड बंद करत असल्याचे कळवले. तो स्वस्त शेअर घेणारा माणूस. त्याचे गुंतवणूकदार पैसे काढून तंत्रज्ञानाकडे जात होते, आणि जेवढे जात तेवढे त्याला स्वस्त शेअर विकावे लागत. शिखर उलटून तीनच आठवडे झाले होते. ऑक्टोबर २००२ पर्यंत नॅसडॅक तीन-चतुर्थांशाहून अधिक खाली आला.

रॉबर्टसनचे विश्लेषण बरोबर ठरले. त्याच्याकडे पैसा टिकला नाही.

१३

त्याच वेळी दलाल स्ट्रीटवर शेअरदलाल केतन पारेखचे 'के-१०' म्हणून ओळखले जाणारे शेअर चालले होते. हिमाचल फ्युच्युरिस्टिक, ग्लोबल टेली, झी, पेंटामीडिया. ११ फेब्रुवारी २००० ला सेन्सेक्स ५,९३३ वर. नवनवे तंत्रज्ञान फंड निघाले आणि लोकांनी त्यांत पैसे घातले. सप्टेंबर २००१ मध्ये सेन्सेक्स २,६०० वर आला.

आठ वर्षांनी पायाभूत सुविधांची पाळी. रिलायन्स पॉवरचा इश्यू, जानेवारी २००८, ४५० रुपये, किरकोळ अर्जदाराला २० रुपये सूट, सुमारे ७३ पट मागणी. ११ फेब्रुवारीला नोंदणीच्या दिवशी बंद भाव ३७२.५०. ८ जानेवारीला २०,८७३ वर असलेला सेन्सेक्स ९ मार्च २००९ ला ८,१६० वर होता.

१९९२ ला सिमेंट. २००० ला सॉफ्टवेअर. २००८ ला वीज आणि रस्ते. २०१७ ला स्मॉलकॅप. २०२० ला क्वालिटी. २०२४ ला संरक्षण.

१४

संरक्षणाचे थोडे अधिक. जून २०२४ या एका महिन्यात थीमॅटिक आणि क्षेत्रीय फंडांत निव्वळ २२ हजार कोटींहून अधिक रक्कम आली. संरक्षण क्षेत्राच्या शेअरांनी जुलैच्या सुरुवातीला शिखर गाठले आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत ते जोरात उतरले. मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरनंतर, ते तितक्याच जोरात वर आले.

जुलैत घेऊन फेब्रुवारीत विकणाऱ्याला ही थीम वाईट वाटेल. घेऊन विसरणाऱ्याला ठीक वाटेल. थीम एकच आहे.

१५

विजेत्याच्या मागे गेल्याने काय होते, याचा सगळ्यात थेट पुरावा सामान्य माणसांचा नाहीच, जाणकारांचा आहे. अमित गोयल आणि सुनील वाहल यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास. अमेरिकेतल्या सुमारे ३,४०० पेन्शन निधी आणि तत्सम संस्थांनी १९९४ ते २००३ या काळात कोणते व्यवस्थापक नेमले आणि कोणते काढले, ते त्यांनी पाहिले. या संस्थांकडे सल्लागार होते, समित्या होत्या, बैठका होत्या.

त्यांनी नेमलेले व्यवस्थापक नेमणुकीपूर्वी उत्तम चालले होते. नेमल्यावर ते जास्तीचे काही देऊ शकले नाहीत. ज्यांना काढले त्यांनी नंतर नेमलेल्यांइतके, किंबहुना थोडे अधिकच दिले.

कट्ट्यावरच्या काकांना मी हे सांगितले. त्यांनी विचारले, "मग समित्या कशाला?" प्रश्न रास्त आहे.

१६

मॉर्निंगस्टारचा अमेरिकी फंडांवरचा २०२४ चा अहवाल. २०२३ अखेरच्या दहा वर्षांत फंडांनी वर्षाला ७.३ टक्के दिले. त्याच फंडांतल्या सरासरी डॉलरला मिळाले ६.३. मधला सुमारे एक टक्का येण्याजाण्यात गेला.

१७

जानेवारी २०२५ मध्ये टोरेस ज्वेलरीची दुकाने बंद झाली आणि दारांत गर्दी जमली. दादर, सानपाडा, कल्याण, आणि आपल्या मीरा रोडलाही एक होते. आठवड्याला व्याज मिळण्याची योजना होती. हा शैलीचा प्रश्न नाही, सरळ फसवणुकीचा आहे, आणि दोन्हींची गल्लत होऊ नये. तरी पैसे घालणाऱ्यांनी दिलेले कारण नोंदवून ठेवतो: शेजाऱ्याला आधीचे काही आठवडे मिळाले होते.

१८

बदलायला सांगणाऱ्याचेही पाहावे.

ऑगस्ट २००९ पूर्वी फंडात शिरतानाच साधारण सव्वादोन टक्के एंट्री लोड कापला जाई आणि तो वितरकाकडे जाई. ग्राहक जितक्या वेळा नव्या फंडात जाईल तितक्या वेळा. नवे फंड (एनएफओ) "दहा रुपयांना युनिट, स्वस्त" म्हणून विकले जात, जणू ८० रुपयांचे जुने युनिट महाग असावे. सेबीने १ ऑगस्ट २००९ पासून एंट्री लोड बंद केला. १ जानेवारी २०१३ पासून वितरकाविना घेता येणारे डायरेक्ट प्लॅन आले. ऑक्टोबर २०१८ मध्ये आगाऊ कमिशन थांबवले. बाजारातल्या सुधारणांपैकी या तिन्हींना मी फार मानतो. त्यांच्यामुळे बदल सुचवण्यात वितरकाचा पूर्वीइतका फायदा उरला नाही.

आता बदल आपले आपणच करतो. रात्री जेवण झाल्यावर, फोनवर.

१९

पराग पारीख यांच्या कंपनीने मे २०१३ मध्ये एकच इक्विटी फंड काढला. नाव लाँग टर्म व्हॅल्यू फंड. मे २०१५ मध्ये ओमाहाला बर्कशायरच्या सभेसाठी गेले असताना मोटार अपघातात पारीख गेले. फंड तेव्हा लहान होता. सेबीच्या वर्गवारीनंतर २०१८ मध्ये नावातले 'व्हॅल्यू' गेले, लाँग टर्म इक्विटी झाले. २०२१ मध्ये फ्लेक्सी कॅप झाले. २०२५ मध्ये त्यातली रक्कम एक लाख कोटींच्या पुढे गेली.

आज त्यात येणारे बहुतेक जण मागची दहा वर्षे पाहून येत आहेत. सुरुवातीच्या काळात थांबलेल्यांकडे पाहायला तक्ताच नव्हता. त्यांनी गुंतवणुकीची पद्धत वाचली होती.

२०

२०२३ मध्ये स्मॉलकॅप फंडांत वर्षभरात ४० हजार कोटींहून अधिक रक्कम आली. त्याच वर्षी लार्जकॅप फंडांतून निव्वळ रक्कम बाहेर गेली.

मार्च २०२४ मध्ये सेबीच्या तेव्हाच्या अध्यक्ष माधबी पुरी बुच यांनी बाजाराच्या काही भागांत फेस आल्याचे जाहीरपणे म्हटले. त्या महिन्यात स्मॉलकॅप फंडांतून ९४ कोटी बाहेर गेले. अडीच वर्षांत पहिल्यांदा. घाबरून तेव्हा निघालेल्यांना पुढचे कित्येक महिने तेजी बाहेरून बघावी लागली.

इशारा चुकीचा नव्हता. इशाऱ्याला तारीख नसते.

२१

घरात दोघांचे पैसे आणि दोन स्वभाव असतील तर दोन शैली ठेवाव्यात आणि प्रमाण ठरवून टाकावे. वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात, जिचे प्रमाण फार वाढले असेल तिच्यातून थोडे काढून दुसरीत घालावे. हाही बदलच आहे. फक्त तो विजेत्याकडून मागे पडलेल्याकडे जातो, आणि तो मन घट्ट करून करावा लागतो. नवीन एसआयपीची रक्कम मागे पडलेल्यात वळवली तर विकावेही लागत नाही, करही लागत नाही. पगारदार माणसाला मी हेच सुचवीन.

२२

फंड सोडण्याची खरी कारणे आहेत. फंडाने आपली शैलीच सोडली. व्यवस्थापक गेला आणि पद्धत बदलली. खर्च फार वाढला. आपल्यालाच पैसे लागले. "या वर्षी मागे आहे" हे त्यांत बसत नाही.

२३

वाचकाला एक विनंती. पॅनवर निघणारे सगळ्या फंडांचे एकत्र विवरणपत्र ईमेलवर मागवता येते, पैसे लागत नाहीत. आपण घातलेल्या आणि काढलेल्या प्रत्येक रकमेची तारीख त्यात असते. त्यावरून स्वतःचा एक्सआयआरआर काढा, म्हणजे आपल्याला खरोखर वर्षाला किती टक्के मिळाले. शेजारी त्याच वर्षांचा त्याच फंडांचा छापील परतावा लिहा. पुढचा स्विच त्यानंतर करा.